धावत्या मुलांचे फोटो धूसर का येतात? शटर, लेन्स आणि उजेडाचं गणित

घरी साजऱ्या झालेल्या वाढदिवसाचे फोटो चाळताना एक गोष्ट हमखास दिसते. केक स्पष्ट आलेला असतो, भिंतीवरचे फुगे स्पष्ट असतात, कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली आजीही अगदी स्पष्ट असते. फक्त ज्याचा वाढदिवस, त्याच्या चेहऱ्याच्या जागी एक पुसट पट्टा असतो. शाळेच्या क्रीडादिनाचीही तीच गत. शर्यत संपते, मूल पहिलं येतं आणि फोटोत मात्र मागची भिंत आणि तिच्यावरचा फलक तेवढा वाचता येतो.

अशा वेळी दोष कॅमेऱ्याला दिला जातो आणि घरात महागड्या कॅमेऱ्याची चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात बहुतेकदा चूक एका आकड्याची असते आणि तो आकडा कॅमेऱ्यानं स्वतःच निवडलेला असतो. तो समजून घेतला, तर हाताशी असलेल्या साध्या कॅमेऱ्यावरही धावणारं मूल स्पष्ट टिपता येतं. आणि नवं काही घ्यायचंच असेल, तर पैसे नेमके कुठे खर्च करायचे हेही कळतं.

अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी

१८३९ मध्ये डगेरोटाइप हे तंत्र जगासमोर आलं, तेव्हा एका चित्रासाठी कित्येक मिनिटं लागू शकत. पुढे हा काळ काही सेकंदांवर आला, तरी लहान मुलाला तेवढा वेळ निश्चल ठेवणं कठीणच होतं. म्हणून युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंमध्ये एक युक्ती रूढ झाली. आईनं अंगावर पडद्यासारखं कापड घ्यायचं, खुर्चीसारखं बसायचं आणि मुलाला मांडीवर घट्ट धरून ठेवायचं. कापडाखाली आई लपलेली असलेले असे अनेक फोटो आजही संग्रहांमध्ये पाहायला मिळतात.

१८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोड्याची चित्रं टिपली. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे त्यातून दिसलं. त्यासाठी अतिशय कमी वेळ उघडणारी शटरं लागली आणि प्रखर ऊन लागलं. वेग थांबवायचा तर शटर कमी वेळ उघडायचं आणि शटर कमी वेळ उघडायचं तर उजेड भरपूर हवा, हा नियम आजच्या फोनमधल्या कॅमेऱ्यालाही तितकाच लागू आहे.

फोटो ‘हलतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

शटर उघडं असतं तेवढा वेळ कॅमेऱ्याचा सेन्सर समोरचा उजेड गोळा करत असतो. तेवढ्या वेळात समोरची वस्तू सरकली, तर तिची खूणही सेन्सरवर सरकत जाते. त्यालाच आपण फोटो हलला असं म्हणतो.

समजा, एक मूल कॅमेऱ्यासमोरून आडवं पळतंय आणि त्याचा वेग सेकंदाला ३ मीटर आहे. चार-पाच वर्षांचं मूल घरातल्या घरात सहज एवढं पळतं. शटर उघडं असताना ते किती सरकेल?

१/६० सेकंदात ५ सेंटिमीटर.
१/२५० सेकंदात सव्वा सेंटिमीटरच्या आसपास.
१/५०० सेकंदात ६ मिलिमीटर.
१/१००० सेकंदात ३ मिलिमीटर.

आता हा फोटो ६ बाय ४ इंची कागदावर छापला आणि चौकटीत ३ मीटर रुंदीचा भाग आला आहे असं धरू. म्हणजे सगळं साधारण वीसपट लहान होईल. मुलाचा चेहरा कागदावर जेमतेम एक सेंटिमीटरचा असेल. १/६० वर त्या चेहऱ्यावर अडीच मिलिमीटरचा फराटा उमटेल, म्हणजे डोळे, नाक सगळं एकमेकांत मिसळेल. १/५०० वर तोच फराटा ०.३ मिलिमीटरचा होईल आणि बारकाईनं पाहिल्याशिवाय दिसणार नाही.

घरातल्या कमी उजेडात कॅमेरा ‘ऑटो’वर ठेवला, की तो अनेकदा १/६० च्या आसपासचं शटर निवडतो. बसलेल्या आजीसाठी ते पुरतं. नातवासाठी पुरत नाही.

आधी निदान, मग उपाय

बिघडलेले सगळे फोटो एकाच कारणानं बिघडत नाहीत. म्हणून सेटिंग बदलण्याआधी बिघडलेला फोटो मोठा करून पाहावा.

मूल आणि मागची भिंत, दोन्ही सारखंच फराटलेलं असेल तर फोटो काढणाऱ्याचा हात हलला आहे.

भिंत स्पष्ट आणि मूल फराटलेलं असेल तर शटर संथ होतं.

मूल फराटलेलं नाही, पण मऊ, धुरकट दिसतंय आणि त्याच्या पुढची किंवा मागची एखादी वस्तू मात्र लख्ख स्पष्ट असेल, तर फोकस चुकला आहे.

या निदानामुळे एक मोठा गैरसमजही दूर होतो. अनेक लेन्स आणि कॅमेऱ्यांवर ‘इमेज स्टॅबिलायझेशन’ असं ठळक लिहिलेलं असतं. ही सोय धरणाऱ्याच्या हाताची थरथर भरून काढते. समोरचं मूल थांबवणं तिला शक्य नसतं. तिच्या भरवशावर १/३० नं फोटो काढला तर भिंत आणखी स्पष्ट येईल आणि मूल आणखी पुसट. ट्रायपॉडचंही तसंच.

शटर किती ठेवावं?

काटेकोर नियम नाही, पण पुढचे आकडे सुरुवातीला उपयोगी पडतात.

बसून चित्र काढणारं किंवा जेवणारं मूल: १/१२५ ते १/२००.
रांगणारं, दुडुदुडु चालणारं: १/२५०.
घरात किंवा अंगणात पळणारं, नाचणारं: १/५००.
शर्यत, खो-खो, फुटबॉल, उंच उडी: १/१००० किंवा त्याहून जलद.
पाण्यात उडी मारताना उडणारे थेंब: १/१६०० ते १/२०००.

यात तीन गोष्टींनी फरक पडतो. पहिली, दिशा. आडवं जाणारं मूल चौकटीत सर्वांत वेगानं सरकतं, तर थेट कॅमेऱ्याकडे येणारं मूल जागच्या जागी मोठं होत जातं. म्हणून समोरून येणाऱ्या मुलासाठी थोडं संथ शटर चालून जातं. दुसरी, अंतर. मूल चौकटीत जितकं मोठं दिसेल, तितका त्याचा फराटाही मोठा. मैदानाचं दृश्य टिपताना जे शटर पुरतं, ते एकट्या चेहऱ्यासाठी पुरत नाही. तिसरी, हातपाय. पळताना धडापेक्षा हात आणि पाय कितीतरी जास्त वेगानं हलतात. १/२५० वर चेहरा स्पष्ट आणि हात पुसट, असा फोटो येतो तो त्यामुळेच. कधीकधी तो चांगलाही दिसतो.

हे शटर कॅमेऱ्याला सांगायचं कसं? मोड बदलण्याच्या चकतीवर कॅननमध्ये ‘टीव्ही’ आणि निकॉन, सोनीमध्ये ‘एस’ असं लिहिलेलं असतं. (इथे टीव्ही म्हणजे ‘टाइम व्हॅल्यू’. दूरदर्शनशी त्याचा संबंध नाही.) या मोडमध्ये शटर माणूस ठरवतो आणि उरलेली जुळवाजुळव कॅमेरा करतो. सोबत आयएसओ ‘ऑटो’वर ठेवला की काम सोपं होतं. अनेक कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओसाठी ‘किमान शटर’ ठरवून देता येतं. तिथे एकदा १/५०० भरून ठेवलं, की उजेड कमी झाल्यावर कॅमेरा आधी आयएसओ वाढवतो आणि दिलेल्या मर्यादेपर्यंत शटरला हात लावत नाही.

उजेडाची किंमत

शटर १/६० वरून १/५०० वर नेलं, की सेन्सरला मिळणारा उजेड जवळपास आठपट कमी होतो. ही तूट भरून काढायचे मुख्य मार्ग दोन: लेन्सचं छिद्र मोठं करायचं, किंवा आयएसओ वाढवायचा.

लेन्सच्या छिद्राला ॲपर्चर म्हणतात. त्याचा आकडा उलटा चालतो, म्हणजे आकडा लहान तर छिद्र मोठं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स झूम केल्यावर बहुधा एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ २.८ ची लेन्स तिच्या चौपट उजेड आत घेते आणि एफ १.८ ची जवळपास दहापट.

उन्हात हा फरक फारसा जाणवत नाही. स्वच्छ उन्हात आयएसओ ४०० आणि एफ ५.६ ठेवलं, तर शटर १/३००० च्या आसपास सहज मिळतं. त्यामुळे सकाळच्या मैदानावर साधी लेन्स पुरते. रात्री ट्यूबलाइटच्या खोलीत मात्र आयएसओ ३२०० पर्यंत वाढवूनही त्याच लेन्सवर साधारण १/६० च मिळतं. तिथेच एफ १.८ ची लेन्स लावली, तर १/५०० च्या जवळ जाता येतं. दुपारचं ऊन आणि घरातला दिवा यांच्यात शेकडो पटींचा फरक असतो. डोळे जुळवून घेतात म्हणून तो लक्षात येत नाही.

आयएसओ वाढवला की फोटोत रवाळपणा येतो आणि अनेक जण त्याच्या धास्तीनं आयएसओ ४०० च्या वर जातच नाहीत. मुलांच्या बाबतीत ही धास्ती महागात पडते. रवाळपणा नंतर सॉफ्टवेअरनं बराच कमी करता येतो. शिवाय फोनच्या पडद्यावर किंवा छोट्या छपाईत तो फारसा दिसतही नाही. पुसला गेलेला चेहरा मात्र खात्रीनं परत आणता येत नाही. म्हणून आधी शटर ठरवावं, मग छिद्र पूर्ण उघडावं आणि उरलेली तूट आयएसओला भरू द्यावी. गेल्या दहा-बारा वर्षांतले कॅमेरे आयएसओ ३२०० वर वापरण्याजोगा फोटो देतात.

याशिवाय एक मार्ग पूर्णपणे फुकटचा आहे, तो म्हणजे मुलांना उजेडात खेळू देणं. खेळण्यांची टोपली खोलीच्या आतल्या कोपऱ्यातून खिडकीजवळ किंवा गॅलरीच्या दाराशी आणून ठेवली, तरी उजेड कितीतरी पट वाढतो. मुलांना ‘इकडे या’ म्हणून सांगण्यापेक्षा खेळणी हलवणं सोपं असतं.

कोणती लेन्स कुठे?

घरासाठी: दहा फुटी खोलीत ५० मिलिमीटरची लेन्स अनेकदा फसवते. सर्वसाधारण डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांचा सेन्सर ‘एपीएस-सी’ आकाराचा, म्हणजे सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. अशा कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावून ३ मीटर अंतरावरून पाहिलं, तर चौकटीत जेमतेम १.४ मीटर रुंद आणि ०.९ मीटर उंच एवढाच भाग मावतो. चार वर्षांचं मूल उभं राहिलं तर त्याचं डोकं तरी कापलं जाईल किंवा पाय तरी. ३५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये त्याच अंतरावरून २ मीटर रुंद आणि १.३ मीटर उंच भाग येतो. लहान फ्लॅटमध्ये म्हणूनच ३५ मिलिमीटर, एफ १.८ अधिक सोयीची. ५० मिलिमीटरची एफ १.८ बहुधा सर्वांत स्वस्त मिळते. ती मोठ्या दिवाणखान्यात, गच्चीवर किंवा अंगणात छान चालते.

मैदानासाठी: इथे प्रश्न अंतराचा. त्याच कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरची लेन्स २० मीटर अंतरावरून सुमारे २.३ मीटर रुंद भाग टिपते, म्हणजे धावणारं एक मूल चौकटीत व्यवस्थित भरतं. सकाळच्या सामन्यांना ५५-२०० किंवा ७०-३०० मिलिमीटरची तुलनेनं स्वस्त झूम पुरेशी आहे. अडचण येते ती संध्याकाळी. डिसेंबर-जानेवारीतल्या क्रीडामहोत्सवात अंतिम सामने दिवस कलताना असतात आणि नेमकं तेव्हाच या लेन्सचं लहान छिद्र अपुरं पडतं. ७०-२०० मिलिमीटर, एफ २.८ ही लेन्स या कामासाठी उत्तम, पण ती जड आणि महाग असते. वर्षातून एकदा लागणार असेल तर विकत घेण्यापेक्षा दोन दिवस भाड्यानं आणणं परवडतं. मोठ्या शहरांत लेन्स भाड्यानं मिळतात.

स्नेहसंमेलनासाठी: रंगमंचावर पुढे दिवे आणि मागे काळा पडदा. कॅमेरा सगळ्या चौकटीचा उजेड मोजतो, पडद्याच्या काळोखाला फसतो आणि चेहरे पांढरेफटक करून टाकतो. इथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर न्यावं. चेहरे नीट येतात आणि उजेडाची मागणी निम्म्यावर आल्यानं शटर दुप्पट जलद करता येतं किंवा आयएसओ निम्मा करता येतो. पहिल्या दोन रांगांत जागा मिळाली तर ८५ मिलिमीटर, एफ १.८ सारखी लेन्स महागड्या झूमपेक्षाही जास्त उजेड देते. सभागृहात लवकर पोहोचण्याचा फायदा असा थेट फोटोत दिसतो.

फोकस: मुलाच्या मागे धावणारा

मोठ्या छिद्राचीही एक किंमत असते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर ठेवून दोन मीटरवरच्या मुलाचा फोटो काढला, तर जेमतेम ११-१२ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. कॅमेऱ्याकडे धावत येणारं मूल एवढं अंतर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात ओलांडतं. कॅमेऱ्यानं फोकस केला, ‘बीप’ वाजला आणि बोट दाबलं, तेवढ्यात मूल त्या पट्ट्याच्या बाहेर गेलेलं असतं.

म्हणून एकदाच फोकस करून थांबणारा मोड मुलांसाठी निरुपयोगी आहे. बटण अर्धं दाबून धरलं असेपर्यंत फोकस सतत जुळवत राहणारा मोड निवडायला हवा. कॅननमध्ये त्याला ‘एआय सर्व्हो’ किंवा नुसतं ‘सर्व्हो’ म्हणतात, तर निकॉन आणि सोनीमध्ये ‘एएफ-सी’. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत डोळे ओळखून त्यांच्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय असते. ती सुरू ठेवावी. जुन्या डीएसएलआरमध्ये मधला एक बिंदू किंवा त्याभोवतीचा छोटा गट निवडून तो मुलाच्या छातीवर-चेहऱ्यावर ठेवणं हाच भरवशाचा मार्ग. फोकस वारंवार हुकत असेल, तर एफ १.८ ऐवजी एफ २.८ करावं. स्पष्ट पट्टा १८ सेंटिमीटरच्या आसपास जातो. उजेड कमी होतो, पण डोळे पट्ट्यात राहण्याची शक्यता वाढते.

सोबत सलग फोटो घेण्याचा ‘बर्स्ट’ मोड वापरावा. मात्र बोट दाबून ठेवून पन्नास फोटो काढण्यापेक्षा चार-पाचच्या छोट्या तुकड्या बऱ्या. कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती भरली की तो काही सेकंद मंदावतो आणि नेमका गोल तेव्हाच होतो.

एलईडीच्या पट्ट्या

बंदिस्त सभागृहात जलद शटर वापरताना एक नवी तक्रार ऐकू येते. फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे दिसतात, किंवा एकामागून एक काढलेल्या फोटोंचा उजेड आणि रंग बदलत राहतो. याचं कारण विजेत आहे. भारतात घरगुती वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे काही एलईडी आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला हे दिसत नाही. १/१०० सेकंद उघडं राहिलेलं शटर एक पूर्ण आवर्तन टिपतं, म्हणून फोटो सारखा येतो. १/५०० चं शटर मात्र आवर्तनाचा एखादाच तुकडा पकडतं.

पट्टे सर्वांत ठळक दिसतात ते आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये. अनेक कॅमेऱ्यांत सेन्सर एका ओळीनंतर दुसरी ओळ अशा क्रमानं वाचला जातो. त्या वेळात दिव्याचा उजेड बदलतो आणि तो बदल पट्ट्यांच्या रूपात उमटतो. यावर उपाय म्हणजे मेकॅनिकल शटर निवडणं आणि कॅमेऱ्यात ‘अँटी-फ्लिकर’ सोय असल्यास ती सुरू करणं. तेही नसेल तर १/१०० वर उतरून मूल क्षणभर थांबेल तेव्हाच फोटो घ्यावा.

फ्लॅशचा आधार

घरात फ्लॅश हा सर्वांत स्वस्त उपाय ठरू शकतो. फ्लॅशचा झोत फार थोडा वेळ टिकतो. कमी ताकदीवर तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळाचा असतो. खोली मंद असेल तर फोटोतला बहुतेक उजेड त्या झोतातूनच येतो आणि शटर १/२०० असलं तरी मूल थिजल्यासारखं स्पष्ट येतं. कॅमेऱ्यावर लावायचा, मान वर वळणारा फ्लॅश घेऊन त्याचा झोत पांढऱ्या छताकडे सोडला, तर उजेड मऊ होऊन खाली पसरतो आणि मुलाच्या डोळ्यांवर थेट पडत नाही. रंगमंचासमोर, स्पर्धा सुरू असताना किंवा मूल उंचावर कसरत करत असताना मात्र फ्लॅश टाळावा. तिथे त्यानं लक्ष विचलित होऊ शकतं.

फोनवर काय करता येईल?

फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र बहुतेक वेळा कायमचं ठरलेलं असतं. त्यामुळे शटर आणि आयएसओ हे दोनच आकडे बदलू शकतात. शिवाय आजचे फोन अनेक चौकटी पटापट टिपून त्यांचा एक फोटो जोडतात. समोर मूल पळत असेल तर या जोडणीत कधी पुसट हात येतो, कधी दोन कान दिसतात.

त्यावर काही साधे उपाय आहेत. ‘नाइट मोड’ बंद ठेवावा, कारण तो मुद्दाम जास्त वेळ उजेड गोळा करतो. कमी उजेडात झूम न करता मुख्य लेन्सनंच, दोन पावलं पुढे जाऊन फोटो काढावा. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्रो’ मोड असतो. त्यात शटर १/५०० वर ठेवून आयएसओ ऑटो ठेवता येतो का, ते पाहावं. आयफोनच्या मूळ कॅमेरा ॲपमध्ये शटर हातानं ठरवता येत नाही, त्यासाठी वेगळं ॲप घ्यावं लागतं.

‘व्हिडिओ काढून त्यातून फोटो घेऊ’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. फोरके व्हिडिओच्या एका चौकटीत सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, म्हणजे छोट्या छपाईला पुरेसे. पण मंद खोलीत व्हिडिओचं शटरही १/३० किंवा १/६० वरच चालतं, म्हणून प्रत्येक चौकट तितकीच पुसट निघते. ही युक्ती उन्हातच कामाची.

थांबणारा क्षण ओळखणं

डोळ्यांना दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. सेकंदाला ३ मीटर पळणारं मूल तेवढ्यात ६० सेंटिमीटर पुढे जातं. म्हणून क्षण दिसल्यावर बोट दाबणारा नेहमी उशिरा पोहोचतो. क्षण आधी ओळखावा लागतो आणि इथे उपकरणापेक्षा खेळाची ओळख उपयोगी पडते.

झोका वरच्या टोकाला पोहोचला की क्षणभर थांबतो. उडी मारलेलं मूल सर्वांत उंच असतं तेव्हाही तेच होतं. अशा ठिकाणी १/२५० सुद्धा पुरतं. मल्लखांबावरची मुलं एका पकडीतून दुसऱ्या पकडीत झपाट्यानं जातात, पण प्रत्येक आसन पूर्ण झाल्यावर थोडी स्थिरावतात. त्या विरामाची वाट पाहावी. लेझीम ठेक्यावर चालते. दोन आवर्तनं नुसती पाहिली की हात कधी वर जाणार, कधी खाली बसणार हे कळतं आणि तिसऱ्या आवर्तनाला बोट बरोबर पडतं. खो-खोमध्ये पळणारा खेळाडू कुठे वळेल सांगता येत नाही, पण खांबाजवळ झेप पडणार हे नक्की असतं. खांबाच्या रेषेत जमिनीवर बसून, फोकस आधीच खांबापाशी ठेवून थांबलेल्याला तो फोटो मिळतो. चेंडूच्या आणि खेळाडूंच्या मागे मैदानभर कॅमेरा फिरवणाऱ्याला क्वचितच.

जमिनीवर बसण्याचा आणखी एक फायदा आहे. मोठ्यांच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत मुलाचा माथा आणि फरशी दिसते. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा आला की चेहरा दिसतो.

आणि सगळाच पुसटपणा वाईट नसतो. सायकलवर जाणाऱ्या मुलाबरोबर कॅमेराही त्याच वेगानं फिरवत १/३० किंवा १/६० नं फोटो घेतला, तर मूल बऱ्यापैकी स्पष्ट आणि मागची झाडं रेघांसारखी येतात. याला ‘पॅनिंग’ म्हणतात. दहातले आठ फोटो वाया जातील, पण उरलेल्या दोनांत वेग दिसेल.

सराव कुठे करावा?

हे सगळं पहिल्यांदा शर्यतीच्या दिवशीच करून पाहिलं, तर बटणं शोधण्यातच शर्यत संपते. त्याआधीच्या एखाद्या संध्याकाळी घरातला छताचा पंखा पुरेसा आहे. तो लावावा, शटर १/६० वर ठेवून एक फोटो काढावा, मग १/२५० वर, मग १/१००० वर. पहिल्यात पात्यांच्या जागी रुंद, धुरकट फराटे दिसतील, शेवटच्यात पाती बऱ्यापैकी स्पष्ट दिसतील. पूर्ण वेगातल्या पंख्याच्या पात्याचं टोक धावणाऱ्या मुलापेक्षा कितीतरी जोरात फिरत असतं. त्यामुळे १/१००० वरही टोकं किंचित पुसट येतील आणि मुलासाठी तेच शटर का पुरतं याचा अंदाज येईल. त्याच वेळी आयएसओ कुठवर चढला आणि फोटो किती रवाळ झाला तेही पाहून घ्यावं. घरातल्या दिव्यात आपला कॅमेरा किती वेगापर्यंत जाऊ शकतो, नवी लेन्स खरोखर हवी आहे की खेळण्यांची टोपली खिडकीशी नेली तरी भागेल, हे त्या तीन-चार फोटोंतच कळतं. पंखा कितीही वेळा पुन्हा लावता येतो. पहिली शर्यत एकदाच होते.